आईबापांचा इंटरव्ह्यू

पोराला शाळेत घालायचं तर पोराची परीक्षा घ्यावी, हे एक वेळ समजू शकतं. पण आईबापाची? सिंधुबाईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला वाटलं, शेखर थट्टा करतोय. शेखरला नामपूरच्या शाळेत घातला तेव्हा मास्तरांनी काय केलं होतं? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. बोट कानाला लागलं, पोरगा पहिलीत बसला. बापाला इंग्रजी येतं का, आई बोलते कशी, घरात कोण कोण आहे, असल्या चौकशा सोयरीक जुळवताना करतात, शाळेत नव्हे.

पण हे नामपूर नव्हतं, नाशिक होतं, आणि साल होतं दोन हजार चार. शेखर देवरेचं द्वारका चौकात ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. नामपूर, लासलगावचा कांदा त्याच्या गाड्यांतून पार कलकत्त्यापर्यंत जायचा. त्याची बायको तृप्ती एका पतसंस्थेत कामाला. आणि त्यांची एकुलती एक निकिता, साडेतीन वर्षांची, जिला मोठ्या फाटकाच्या इंग्रजी शाळेत घालायचं असं ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलेलं.

निकिता तीन महिन्यांची असताना तृप्तीची रजा संपली. तेव्हा शेखर स्वतः नामपूरला गेला आणि आईला म्हणाला, "माय, तू चाल. तुझ्याशिवाय आमचं जमायचं नाही." सिंधुबाईने घराला कुलूप घातलं, म्हैस दिराच्या दावणीला बांधली आणि आली. न्हाऊमाखू, दूधभात, गोवर, जुलाब, दात येतानाची रडारड, सगळं तिने केलं. त्यामुळे पोरगी बोलायला लागली ती आजीच्याच तोंडाने. "आजी, माले भूक लागनी," असं चोख अहिराणीत. सिंधुबाईला त्याचं कोण कौतुक. तृप्तीला नव्हतं, पण तेव्हा ती काही म्हणाली नाही. बोलून कसं चालेल, पोर दिवसभर सांभाळत कोण होतं?

तर त्या शाळेत आईबापांचा इंटरव्ह्यू असायचा, आणि तोही इंग्रजीत. शेखर सटाण्याच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेला, तृप्तीही शिकलेली, पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की दोघांची दातखीळ बसायची. मग द्वारकेलाच एका बॅटरीच्या दुकानावर दिनेश सरांचा क्लास होता, तो दोघांनी लावला. संध्याकाळी साडेसात ते नऊ. सर म्हणे सुरुवातच सांगण्याच्या क्रियापदांपासून करतात. कारण इंटरव्ह्यू म्हणजे काय, तर सांगणं. रोज एक क्रियापद द्यायचे आणि घरात वावरताना त्याची वाक्यं करत राहा म्हणायचे. जे करता ते बोला, जे बोलता ते इंग्रजीत बोला.

झालं. घरात नुसता टेल-टोल्डचा पाऊस. तृप्ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आय टोल्ड निकिता टू ड्रिंक मिल्क." शेखर दाढी करता करता म्हणायचा, "आय एक्सप्लेन्ड द रोड टू द ड्रायव्हर." एक दिवस इन्फॉर्म, एक दिवस डिस्क्राइब. सिंधुबाई भाजी निवडत ऐकत बसायची. एकदा तिने तृप्तीला विचारलं, "हे टोल्ड टोल्ड काय शे?"

"सांगितलं, आई. मी निकिताला दूध प्यायला सांगितलं."

सिंधुबाईने ओट्याकडे बघितलं. दुधाचा पेला तसाच होता, वर साय धरलेली, आणि पोरगी दुसऱ्या खोलीत. "कधी सांगितलंस?" ती म्हणाली. "मी तर इथंच बसले आहे." तृप्तीने पुढचं वाक्य घेतलं. सिंधुबाई उठली, पेला उचलला आणि पोरीला दूध पाजून आली. आणि एक्सप्लेन म्हणजे काय, तर समजावून सांगणं. सांगणं निराळं, समजावणं निराळं, कळवणं निराळं, आणि करणारं माणूस मात्र एकच, ते खाली बसून मेथी निवडतंय. हे तिने मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची तिला तेव्हा गरज वाटली नाही.

जानेवारीत दिनेश सरांनी नवीन फर्मान काढलं. घरात मुलीशी फक्त इंग्रजी. गावाकडची बोली तर अजिबात कानावर पडता कामा नये, कारण शाळेच्या मोठ्या मॅडम मुलीलाही दोन प्रश्न विचारतात आणि मुलीच्या तोंडून घर कळतं. शेखर त्या रात्री जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाला, "आई, इंटरव्ह्यू होईपर्यंत तू निकिताशी जरा कमी बोल."

नाशिकला आल्यावर त्याने मायची आई केली होती. तेही सिंधुबाईने चालवून घेतलं होतं.

"कमी म्हणजे किती?"

"म्हणजे नाहीच बोललीस तरी चालेल. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

अहो, पोरीला भरवायचं, न्हाऊ घालायचं, दुपारी थोपटून निजवायचं, आणि बोलायचं नाही. मुक्या जनावरालासुद्धा माणूस हाक मारतं. तरी सिंधुबाईने ते केलं. पोरीच्या भल्याचं आहे म्हणतात तर असेल, असं म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं. निकिता सुरुवातीला तिच्या हनुवटीला धरून म्हणायची, "आजी, गोट सांग ना." सिंधुबाई नुसती मान हलवायची. चार दिवसांनी पोरगी गोष्ट मागायची थांबली, आणि सिंधुबाईला दुपारचं जेवण गोड लागेना. तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्याची सगळी क्रियापदं त्या घरात दुसऱ्यांनी घेतली होती.

फेब्रुवारीत इंटरव्ह्यू झाला. निकिता आजीशिवाय गाडीत बसेना, म्हणून सिंधुबाईलाही न्यावं लागलं. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, कपाळाला ठळक कुंकू. तृप्तीने त्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर बाकावर थांबा हं." सिंधुबाई थांबली. मांडीवर पाण्याची बाटली, पिशवीत जादा फ्रॉक. आतून शेखरचा घोगरा आवाज यायचा, तृप्तीचा बारीक. मध्येच दार उघडलं आणि निकिता धावत बाहेर आली. "आजी" म्हणून तिने सिंधुबाईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. पाठोपाठ शाळेची आया आली, तिने पोरीला कडेवर घेतलं आणि परत आत नेलं. मग आतून तृप्तीचा आवाज आला. काय बोलली असेल ती. न अडखळता, एका दमात, चार-पाच वाक्यं. मध्ये शेखर, "येस, येस मॅडम."

थोड्या वेळाने आया पुन्हा आली आणि सिंधुबाईला म्हणाली, "बाई, तुमी त्या बाजूच्या फाटकापाशी थांबा. हितं पालक बसत्यात." सिंधुबाईला वाटलं, बाक पालकांना लागत असेल. ती उठून फाटकापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या मनात सुनेचं कौतुकच चाललं होतं. गाडीत बसल्यावर ती म्हणालीसुद्धा, "तृप्ती, काय फाडफाड बोललीस गं. माझी छाती भरून आली." तृप्ती खिडकीबाहेर बघत होती. शेखरने गाडी सुरू केली.

प्रवेश मिळाला. सिंधुबाईने स्वतः बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, माझी सून अशी बोलली, माझा मुलगा असा बोलला. आता ही गोष्ट आठवली की तिच्या डोक्यात तिडीक जाते. स्वतःच्या हाताने वाटले हो तिने ते पेढे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सकाळी शेखर निकिताला गाडीवरून सोडायचा, दुपारी आणायला सिंधुबाई जायची. शाळेला दोन फाटकं होती. समोरचं मोठं, काळं, त्याच्यावर सोनेरी भाले. तिथे मुलांच्या मम्म्या उभ्या राहायच्या, गॉगल लावून, किल्ल्या फिरवत. बाजूच्या गल्लीत एक लहान फाटक, तिथे गाड्यांचे ड्रायव्हर आणि बंगल्यांतल्या मोलकरणी. पहिल्या दिवशी सिंधुबाई मोठ्या फाटकावर गेली, तर वॉचमनने हाताने गल्ली दाखवली. "बाई, तुमचं तिकडून."

तुमचं म्हणजे कुणाचं, हे काही तिने विचारलं नाही. शाळेची रीत असेल म्हणून ती गल्लीत गेली. तिथे पेठ तालुक्याकडची साळूबाई भेटली, कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांकडे घरकामाला होती. दोघींची चांगली गट्टी जमली. साळूबाई विचारायची, "तुजी मालकीण कशी हे?" सिंधुबाई हसून म्हणायची, "मालकीण कसली, सून शे मनी." साळूबाईला वाटायचं ही गंमत करते, आणि तीही हसायची. असे दोन-तीन आठवडे गेले. सिंधुबाईला काही संशय नव्हता. संशय घ्यायचा तर कुणाचा, पोटच्या पोराचा?

मग एक दिवस पाऊस होता, निकिताला बाहेर यायला उशीर झाला. ती फेब्रुवारीतली आया, कुसाबाई तिचं नाव, पोरीचं बोट धरून लहान फाटकाशी आली आणि म्हणाली, "चल बेटा, तुझी बाई आली बघ."

"बाई नका म्हणू तिला," सिंधुबाई म्हणाली. "आजी म्हणते ती मला. मी तिनी आजी शे."

"तशी आजीच म्हना," कुसाबाई म्हणाली. "लहानपणापासनं सांभाळली तुमी."

"तशी नाही. सख्खी. तिच्या बापाची आई."

कुसाबाई थांबली. तिने निकिताकडे बघितलं, मग सिंधुबाईकडे. पाऊस लागत होता तरी तिघी तिथेच उभ्या.

"आवो, असं कसं?" ती हळूच म्हणाली. "इंटरव्ह्यूच्या दिवशी मी तिथंच होते ना. पोरगी पळत भाईर आली, तवा मॅडमनी विचारलं, ही कुनाकडं पळाली? तिची मम्मी म्हनली, आमची कामवाली हे, गावाकडची, पोर तिलाच आजी म्हनती. मग मॅडम मला म्हनल्या, कुसा, ती त्यांची कामवाली हे, तिला बाजूच्या फाटकाशी बसव."

"इंग्रजीतून बोलली असंल ती. तुम्हाला काय कळणार."

"मॅडमनी मला मराठीतच सांगितलं ना. कामवाली हाच शब्द."

"आणि पोरीचा बाप? तो काय म्हणाला?"

कुसाबाईने मान खाली घातली. "साहेब हो म्हनले."

सिंधुबाईने पोरीच्या डोक्यावर छत्री धरली आणि चालायला लागली. तिला रिक्षा करायचंही सुचलं नाही. फाडफाड बोलली म्हणून आपण हिचं कौतुक केलं. येस येस म्हणाला तो आपला शेखर. ज्याला पाठीवर बांधून कांद्याचं रोप लावलं, ज्याच्या मॅट्रिकच्या फीसाठी कानातलं मोडलं, तो आत बसून येस येस म्हणाला. रस्त्याच्या कडेला ती थांबली.

तिने निकिताला विचारलं, "मी कोण शे तुनी?"

निकिता डबक्यात पाय आपटत होती. "घरी आजी," ती म्हणाली, "शाळेत बाई."

"हे कुणी सांगितलं?"

"मम्मीने. मम्मी टोल्ड मी."

आता बोला. चार वर्षांच्या पोरीला दोन आज्या करून दिल्या, एक घरातली, एक दारातली. सिंधुबाईला त्या पोरीचा राग आला नाही. तिला काय कळतं? तिने तिचं डोकं पुसलं, घरी नेलं, गरम वरणभात भरवला आणि निजवलं. मग ती दिवाणखान्यात येऊन सोफ्यावर बसली. एरवी ती सोफ्यावर बसत नसे, तिला खाली बरं वाटायचं. आज मुद्दाम बसली.

संध्याकाळी दोघं आले. तृप्तीने सोफ्यावर सासूला बघितलं आणि तिला काहीतरी उमगलं असावं, कारण तिने चपलासुद्धा सावकाश काढल्या.

"मी तुमची कामवाली आहे ना?" सिंधुबाई म्हणाली. "मग आल्या आल्या चहा विचारायला हवा मी. पण आज नाही विचारणार."

मग सुरू झालं समजावणं. एक्सप्लेन म्हणतात ते हेच असेल. शेखर म्हणाला, "आई, तू आधी शांत हो." तृप्ती म्हणाली, "आई, माझं ऐकून तरी घ्या." मग तिने सांगितलं ते असं, की दिनेश सरांनी बजावून सांगितलं होतं, घरात गावठी बोलणारं माणूस आहे असं दिसलं की प्रवेश जातो. आजी गावी असते असंच दोघांनी पाठ केलं होतं. वाक्यं तयार होती. आणि नेमकी निकिता उठून बाहेर पळाली. मॅडमनी दारातून सिंधुबाईकडे बघितलं, लुगड्याकडे, कुंकवाकडे. त्यांनी विचारलं, हू इज शी? "माझ्या तोंडून ते निघून गेलं, आई. मला तेवढीच इंग्रजी आली."

"उचलली जीभ आणि लावली टाळ्याला," सिंधुबाई म्हणाली. "तू घाबरलीस, समजलं. तू परक्या घरची, तुला माझी लाज वाटली, तेही एक वेळ समजलं. पण हा? याला तर आई कोण ते माहीत होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा हो कोण म्हणालं?"

शेखर म्हणाला, "तिथे मी काय वेगळं बोलणार होतो? तिला खोटं पाडायचं का मॅडमसमोर?"

"मग मला पाडलंस."

"आई, तसं नाही."

"आणि तेवढ्यावर भागलं नाही. पोरीला पढवलं. शाळेत बाई म्हणायचं म्हणून. ते काय घाबरून तोंडातून निघालं? ते तर घरात बसून, विचार करून शिकवलं."

तृप्ती रडायला लागली. सिंधुबाईला तिची दया आली आणि दया आल्याचा आणखी राग आला. ती म्हणाली, "माझं एकच म्हणणं. उद्या शाळेत जा आणि सांगा, ही बाई निकिताची आजी आहे. इंग्रजीत सांगा, मराठीत सांगा, कसंही सांगा."

शेखरने कपाळाला हात लावला. "आता? पहिल्याच वर्षी? खोटं बोललो म्हणून काढून टाकतील तिला. एक वर्ष जाऊ दे, आई. ती पुढच्या वर्गात गेली की मी स्वतः सांगतो."

"म्हणजे वर्षभर मी कामवाली."

शेखर बुटांची नाडी सोडायला वाकला. सिंधुबाई म्हणाली, "शनिवारी पालकांची मीटिंग आहे ना? मी येणार. तू मॅडमना सांगायचं. नाही सांगितलंस, तर मी तुझ्या ऑफिसबाहेर द्वारकेच्या चौकात उभी राहून सांगेन, तिथे गर्दीही जास्त असते."

आपल्याच दातांनी आपलाच ओठ चावलाय, हे तिला कळत होतं. प्रवेश गेला तर नुकसान निकिताचं. तीन रात्री तिला झोप नव्हती. एकदा मनात आलंही, मरू दे, कामवाली तर कामवाली, पोरगी तर शिकेल. मग लगेच वाटायचं, शिकेल काय? हेच ना, की लुगडं दिसलं की आजीला दारात ठेवायचं?

शनिवारी तिने तेच हिरवं लुगडं नेसलं. मोठ्या फाटकावर वॉचमनने सवयीने हात केला, "बाई, तुमचं तिकडून." सिंधुबाई हलली नाही. तिने शेखरकडे बघितलं. शेखर म्हणाला, "येऊ द्या, आमच्याबरोबर आहेत." वॉचमनने फाटक उघडलं. आमच्याबरोबर आहेत. पिशवीसुद्धा बरोबरच असते. सिंधुबाईने ते गिळलं, कारण खरं बोलायचं ठिकाण आत होतं.

मॅडमची खोली मोठी, गार, टेबलावर काच. समोर दोन खुर्च्या. तृप्ती एकीत बसली, शेखर दुसरीत, निकिता बापाच्या मांडीवर. सिंधुबाई त्यांच्या मागे उभी. मॅडम साठीकडे झुकलेल्या, केस कापलेले, चेहरा हसरा. शेखरने घसा खाकरला आणि इंग्रजीत सुरुवात केली.

सिंधुबाई कान देऊन ऐकत होती. इंटरव्ह्यूच्या आधी चार महिने घरात दुसरं काही ऐकलं नव्हतं, त्यामुळे बरेच शब्द तिच्या ओळखीचे झाले होते. टेल आलं. एक्सप्लेन आलं. सॉरी दोनदा आलं. चाइल्ड आलं, स्कूल आलं, व्हिलेज आलं. ती मदर या एका शब्दाची वाट बघत होती. तो तिला चांगला माहीत होता, कारण निकिताच्या पुस्तकात चित्रासकट होता. शेखर बोलतच होता. कपाळावर घाम, पण वाक्यं बिनचूक, दिनेश सरांनी पाठ थोपटावी अशी. मग तो थांबला आणि त्याने रुमाल काढला. मदर आलंच नाही.

मॅडम हसल्या. त्यांनी शेखरच्या खांद्यावरून सिंधुबाईकडे बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मिस्टर देवरे सांगतायत, तुम्ही त्यांच्याकडे खूप वर्षांपासून आहात, अगदी घरच्यासारख्या. बाजूच्या फाटकाशी पावसात उभं राहायला तुम्हाला त्रास होतो, म्हणून पुढून येऊ द्यावं असं म्हणतायत. माझी काही हरकत नाही. किती वर्षं झाली तुम्हाला यांच्याकडे?"

घरच्यासारख्या. तेवढं सांगायला याने एवढी इंग्रजी खर्चली. सिंधुबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण आवाज चढला नाही. चढला असता तर तिलाच बरं वाटलं असतं.

"हा जन्मला त्या दिवसापासून," ती म्हणाली. "मीच जन्माला घातला याला. नामपूरला, सरकारी दवाखान्यात. हवं तर विचारा त्याला, समोर बसलाय."

मॅडमचं हसू गेलं. तृप्तीने डोळे मिटून घेतले. मॅडम शेखरला म्हणाल्या, आणि या वेळी मराठीतच, "या कोण तुमच्या?"

शेखरच्या मांडीवर निकिता होती. तो तिचा बूट धरून बसला होता, जसं काही तो निसटून पडेल. मग तो म्हणाला, "आई."

"मग इंटरव्ह्यूत खोटं का सांगितलंत? आम्हाला हे आधीच कळायला हवं होतं."

"तुम्हाला?" सिंधुबाई टेबलापाशी आली. "बाई, तुम्ही तर विचारलंच नाही मला. दारातून नुसतं लुगडं बघितलं आणि कामवाली म्हटल्यावर लगेच पटलं तुम्हाला. हिने सांगितलं, याने हो म्हटलं आणि तुम्ही मानलं. तिघांनी मिळून केलं हे. माझ्या पोरांना बोला, माझी ना नाही. पण दोन फाटकं काय माझ्या सुनेने बांधली?"

मॅडमनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि परत ठेवला. शेवटी म्हणाल्या, "मुलीच्या प्रवेशाला धक्का लागणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

शेखर उठला होता. निकिताला त्याने खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. "माय," तो म्हणाला, आणि वाकून तिच्या पायांकडे हात नेला. सिंधुबाईने पाय मागे घेतले.

"रडू नको," ती म्हणाली. "पाया घरी पडजो. पहिले भाईर जाय आनि त्या वॉचमनले सांग. मग कुसाबाईले सांग. मग त्या गल्लीत साळूबाई उभी व्हई, तिले सांग. जेवढासनी माले बाई म्हनं, तेवढासले एक एक करीसन सांग, ही मनी माय शे म्हनीसन."

शेखर दाराकडे निघाला. तृप्ती खुर्चीतून उठली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्या मागे गेली. दार उघडंच राहिलं. पोर्चमध्ये शेखर वॉचमनशी काहीतरी बोलताना दिसत होता, आणि वॉचमन एकदा त्याच्याकडे, एकदा खोलीकडे बघत होता.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बसा ना."

"बसतेच आहे," सिंधुबाई म्हणाली. तिने शेखरची खुर्ची पुढे ओढली, निकिताला मांडीवर घेतलं आणि बसली.